दामासोचा पहिला मासा

काल आमचा वनुआ बंद झाला. म्हणजे आता मला तोंड उघडायला मोकळीक. मार्चपासून गप्प बसलोय मी, आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, हा अनास्तासियो एक दुपारभर तरी गप्प बसला होता का कधी? माझी बायको लालिंग, तिनं तर हंगामभर माझ्या तोंडात विडा कोंबून ठेवला होता. मी काही बोलायला तोंड उघडलं की सुपारी. पुन्हा उघडलं की पान. दात लाल झाले, जीभ जळली, पण शब्द बाहेर पडू दिला नाही बाईनं.

कारण नियमच तसा आहे. आमच्या चिनावान गावाचा वनुआ म्हणजे काय, तर दोन काळ्या खडकांच्या मधली एक खाच. तिथूनच होडी पाण्यात जाते आणि तिथूनच परत येते. बाकी सगळा किनारा कडा आणि दगड. दरवर्षी आरायू मासा पॅसिफिकमधून वर येतो तेव्हा एक माणूस निवडायचा. तो सगळ्यांच्या आधी एकटा समुद्रावर जातो आणि पहिला मासा आणतो. त्यानं वाट उघडली की मग बाकीचे. आणि ज्या घरातला माणूस वाट उघडतो, त्या घरानं वनुआ बंद होईपर्यंत त्याचं कौतुक करायचं नाही. मासे ऐकतात. फुशारकी ऐकली की खाली तळाला जाऊन बसतात.

यंदा ज्यानं वाट उघडली तो दामासो. माझा धाकटा भाऊ. आता ऐका.

आमच्या बातानेसमध्ये, देशाच्या अगदी उत्तर टोकाला, बेटं तशी पुष्कळ आहेत, पण माणसं राहतात ती तीनच. मनिलापेक्षा तैवान जवळ. विमान बास्कोला उतरतं, तेही वाऱ्याची मर्जी असेल तर. जहाज उशिरा आलं की दुकानातला तांदूळ संपतो आणि आम्ही कोनफळं, रताळी खातो. मला विचाराल तर तांदळापेक्षा तेच बरं. वादळं इथूनच जातात. रेडिओवर बाकी देशाला वादळाचं नाव कळतं तेव्हा आमच्या छपराचे दोर ताणून झालेले असतात. असल्याच एका वादळात दामासो जन्मला. छपरावर दोरांचं जाळं टाकून ते खाली धोंड्यांना बांधलं होतं, दारं बंद, आणि आत आई ओरडत होती. आमच्या घराची भिंत दगड-चुन्याची, हाताच्या लांबीएवढी जाड. आमच्या पणजोबांच्या आज्यानं बांधलेली, स्पॅनिश पाद्र्यांनी लोकांना डोंगरावरच्या गढीतून खाली आणलं तेव्हाची. चिनावानमध्ये एवढी जाड भिंत दुसऱ्या कुणाची नाही, मोजून बघा. त्या भिंतीआड तो जन्मला. आणि जन्मल्यावर रडलाच नाही. सुईण घाबरली. तिनं त्याला उलटा धरला, चापट्या मारल्या, तेव्हा कुठे एकदा ‘हं’ केलं त्यानं. आजही तो तेवढंच बोलतो.

तो दोन वर्षांचा असताना बाप समुद्रात गेला तो आलाच नाही. मी पाचवीत होतो. शाळा सोडली आणि बापाच्या जागी होडीत बसलो. पाचवी झाली नाही माझी, पण लिहिता-वाचता येतं, आणि होडी चालवण्यात... जाऊ दे, आज माझी गोष्ट नाही. दामासोला मी वाढवला. त्याला पोहायला मी शिकवलं, वल्हं मारायला मी शिकवलं, उडता मासा जिवंत गळाला कसा लावायचा म्हणजे आरायू धावत येतो, तेही मीच. एक गोष्ट मात्र मी शिकवली नाही, ती त्याच्यात आपोआप होती. आमच्याकडे होडी एकट्यानं खडकावर ओढता येत नाही, सगळे मिळून ओढतात. आपली ओढून झाली की माणूस थकलेला असतो, घरी जातो. हा जात नाही. सगळ्यात शेवटची होडी वर येईपर्यंत हा गुडघाभर पाण्यात उभा. वादळ गेलं की आधी दुसऱ्यांची छपरं बघायला जातो, मग आपलं. लालिंग चिडते. "आपल्या छपराचं गवत उडून शेजाऱ्याच्या गायी खातायत, आणि हा शेजाऱ्याच्या छपरावर बसलाय!"

मध्ये तो मनिलाला गेला होता. इमारतींवर काम करायला. इथली पोरं जातातच. लसूण पिकवून आणि सुकवलेले मासे विकून किती जण राहणार? काही वर्षं राहिला. परत आला तर काय घेऊन आला? सुताराची हत्यारं. एवढंच. लोक टीव्ही आणतात, मोठी बॅग आणतात. मी विचारलं, "अरे, एवढी वर्षं तिथं काय केलंस?"

"भिंती बांधल्या," म्हणाला.

"मग परत का आलास?"

"इथल्या भिंती आवडतात."

बस. त्या हत्यारांनी त्यानं स्वतःची होडी बांधली. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे, मुलीशी बोलायला लागतं ना आधी. माझ्याच घरात राहतो, खालच्या खोलीत, जाळ्यांशेजारी.

आता यंदाचं.

गेल्या वर्षी वाट उघडली होती सिरियाकोनं, एका वीतभर माशावर. चांगला माणूस, पण तोंडाचा जरा तिखट. मासा आलाच नाही. म्हणजे आला, पण असा आला की नाही आला असंच म्हणा. सुकवायच्या बांबूंवर कपडे वाळत घालायची वेळ आली. गावात सात होड्या उरल्यात. माझ्या लहानपणी मोजता येत नव्हत्या एवढ्या होत्या. त्या सातातल्या तिघांनी सांगून टाकलं, यंदाही असंच झालं तर आम्ही होड्या मोडून बास्कोला रस्त्याच्या कामावर जातो. आणि पाचाहून कमी होड्या झाल्या की वनुआ चालत नाही. ओढणार कोण? चार जणांच्या खांद्यांनी भरलेली होडी त्या खडकावर चढत नाही. म्हणजे यंदा मासा नाही आला तर वनुआच संपला. मग आमची खाच म्हणजे नुसती एक खाच. मुलं तिथं आंघोळ करतील.

मारान सिल्वेस्त्रे, मारान म्हणजे काका, आमच्यातला सगळ्यात वडीलधारा, दरवर्षी डुक्कर कापून कलेजीत शकुन तोच बघतो, त्यानं दामासोचं नाव घेतलं. मी तिथंच उभा होतो. छाती अशी फुगली माझी की लालिंगनं मागून कोपर मारलं. मी म्हणालो, "मारान, तुम्ही योग्य माण..."

"अनास्तासियो," म्हातारा म्हणाला, "तुझ्या भावाला पाठवतोय. तुझ्या तोंडाला नाही."

सगळे हसले. दामासो म्हणाला, "हं."

उघडण्याच्या दिवशी पहाटे डुकराचं रक्त पाण्याला दिलं, कलेजी बघितली. मारान सिल्वेस्त्रेनं ती उलटून पालटून पाहिली आणि ‘ठीक आहे’ म्हणाला. नुसतं ठीक. फार चांगली नाही. वाट उघडणाऱ्यानं त्या दिवशी इंजिन लावायचं नसतं, नुसतं वल्हं. दामासो गेला. आम्ही सगळे खडकांवर बसलो. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तो मासा घेऊन येईपर्यंत दुसरी होडी पाण्याला लावायची नसते, आणि तो रिकामा आला तर... रिकामा येण्याचं आम्ही बोलतच नाही. आणि आणखी एक. माशाच्या आधी दुसऱ्या वनुआची होडी, दुसऱ्या वनुआचा माणूस, कशालाही त्यानं हात लावायचा नसतो. त्यानं पाण्यातून आणलेली पहिली वस्तू मासाच असायला हवी.

पुढचं मी दामासोकडून ऐकलेलं नाही. त्याच्याकडून चार शब्द निघाले. बाकीचं सगळं फर्मिनकडून, आणि तो तर मलाही मागे टाकेल असा बोलका.

फर्मिन हा इत्नान गावचा म्हातारा. त्यांचा वनुआ आमच्या दक्षिणेला, त्यांचं आणि आमचं मासे धरायच्या जागेवरून जुनं भांडण. त्यांचा हंगाम आधीच उघडला होता. फर्मिन आदल्या दिवशी निघाला, इंजिन बंद पडलं, रात्रभर प्रवाहानं त्याला उत्तरेला ओढलं, आणि सकाळी आमच्या दामासोला तो दिसला. पुढे काहीच नव्हतं. तो प्रवाह सोडतो तो थेट पॅसिफिकच्या पोटात. आमचा बाप तिकडूनच आला नाही.

"ए!" फर्मिन ओरडला. "तू चिनावानचा ना? आज तुमचं उघडणं ना रे?"

"हो."

"मासा मिळाला?"

"नाही."

"मग मला हात लावू नकोस!" ऐका हे. माणूस मरायला निघालाय आणि नियम सांगतोय. "आधी मासा धर, मग ये. तोपर्यंत मी असेन कुठेतरी इथंच."

"तोपर्यंत तुम्ही इथं नसाल," दामासो म्हणाला, आणि दोर टाकला.

"मी दोर धरणार नाही! तुमचा हंगाम बुडाला तर तुमचं गाव जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडेल. आधीच मोडतं."

फर्मिननं खरंच दोर धरला नाही. हाताची घडी घालून बसला. शेवटी दामासोनं आपली होडी त्याच्या होडीला लावली, वाकून स्वतः दोर बांधला आणि वल्हं मारायला लागला. दोन होड्या, प्रवाहाच्या उलट, इंजिन नाही. फर्मिन मागून बोलतोय.

"हळू मार, खांदा जाईल."

"हं."

"माझा रेडा असाच ओढतो. पण तो निदान मध्येच थांबून शेण टाकतो, तेवढाच मला आराम."

दामासो हसला म्हणे. फर्मिन शपथ घेऊन सांगतो, हसला. मला नाही पटत.

मग फर्मिनच्या लक्षात आलं की आपल्या होडीत दोन आरायू आहेत. आदल्या दिवशी धरलेले, ओल्या पोत्याखाली ठेवलेले. हातभर लांब, हिरवे-पिवळे. तो म्हणाला, "हे घे. मासा पाहिजे ना तुला? हा मासा. समुद्रातलाच आहे, माझ्या बागेतला नाही."

"तो तुमचा आहे."

"अरे, कुणाला कळणार आहे? आपण दोघं आणि हे पाणी."

दामासो वल्हं मारत राहिला.

आता इकडे किनाऱ्यावर. सूर्य चांगला वर आलेला. कड्यावरून कुणीतरी पाहिलं आणि खाली ओरडलं. सिरियाको उठला, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाला, "दोन होड्या? आपण एकच पाठवली होती ना?"

कुणी हसलं नाही. लालिंगनं विडा तोंडात कोंबला, पण तेव्हा मला बोलायचंच नव्हतं.

होडी खाचेत आली. दामासोचे हात सोललेले, वल्ह्याची मूठ लाल. त्यानं वल्हं खाली ठेवलं, उभा राहिला आणि आमच्याकडे दोन्ही पंजे उघडे करून दाखवले. रिकामे. आमच्याकडे त्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला.

तेवढ्यात मागच्या होडीतून फर्मिन उभा राहिला, दोन्ही हातांत मासे. "हे बघा! मासा आहे! यानंच धरलाय, देवाशपथ!"

"त्यांचा आहे," दामासो म्हणाला.

एवढंच. सगळ्या गावानं ऐकलं. सात होड्या, तिघं जायला निघालेले, मासा समोर लटकतोय, आणि माझा भाऊ म्हणतो त्यांचा आहे. एक शब्द गिळला असता तर हंगाम उघडला असता. कोण विचारणार होतं? पण त्यानं गिळला नाही. मला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. दोन्ही खरं.

सिरियाको पुढे आला. "गेलं वर्षभर मला प्रत्येकानं विचारलं, तुझं काय चुकलं, तुझं काय चुकलं. चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा विचारलं. मी तर नियम मोडलाच नव्हता. आता बोला की! यानं तर उघड उघड मोडलाय."

सगळे मारान सिल्वेस्त्रेकडे बघायला लागले. म्हातारा खाली बसला होता तो काठी टेकत पाण्याजवळ गेला. दामासोसमोर उभा राहिला.

"समुद्रातून पहिलं काय बाहेर काढलंस?"

"फर्मिनला."

"जिवंत आहे?"

"अजून तरी आहे!" मागून फर्मिन ओरडला. "पण भूक लागलीय!"

म्हातारा पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "पहिली जी वस्तू येते तिला आपण काय करतो?"

मग लालिंग बोलली. बायकांनी तिथं बोलायचं नसतं, पण माझी बायको आहे ती. "दगडावर ठेवतो. समुद्राचं पाणी शिंपडतो. विकत नाही. त्या दिवशी गावाबाहेर जाऊ देत नाही. सगळे मिळून खातो."

"मग करा," म्हातारा म्हणाला.

"मला खाणार?" फर्मिन.

"तुला कोण खाणार? हाडंच आहेत," मारान सिल्वेस्त्रे म्हणाला. "तुला आज आम्ही खाऊ घालणार. चल, दगडावर बस."

आणि खरंच बसवला. वनुआच्या कडेला तो सपाट काळा दगड आहे ना, ज्यावर दरवर्षी पहिला आरायू ठेवतात, त्यावर इत्नानचा फर्मिन बसला. ओल्या चड्डीत, डोक्यावर लालिंगचा वाकुल, कारण तो थंडीनं कुडकुडत होता आणि तिनं आपल्या पाठीवरचा काढून त्याच्यावर टाकला. आमच्या बायकांचा वाकुल माडाच्या धाग्यांचा असतो, डोक्यावरून पाठीवर सुटतो, लांब केसांसारखा. त्यात तो म्हातारा म्हातारीच दिसत होता. मारान सिल्वेस्त्रेनं ओंजळीत पाणी घेतलं, त्याच्या डोक्यावर शिंपडलं आणि नेहमीचे शब्द म्हटले. म्हणजे ते शब्द माशाला असतात, आलास त्याबद्दल उपकार, तुझ्या भावंडांना सांग इथं चांगलं वागवतात. तेच म्हटले. एक शब्द बदलला नाही. फर्मिन आधी हसत होता. मग मध्येच थांबला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. रात्रभर प्रवाहात होता बिचारा. रडला. आम्ही दुसरीकडे बघितलं.

पण अजून प्रश्न सुटला नव्हता. मारान सिल्वेस्त्रे म्हणाला, "माझ्या मते वाट उघडली. पण जबरदस्ती नाही. ज्याला पटत असेल त्यानं होडी लावावी."

दुसऱ्या क्रमांकाला नेहमी गेल्या वर्षीचा उघडणारा जातो. म्हणजे सिरियाको. तो गेला तर बाकीचे जाणार. तो नाही गेला तर आजही कुणी नाही, उद्याही नाही. आणि ते तिघं बास्कोला. सिरियाको आपल्या होडीजवळ उभा होता, हात कमरेवर. कुणी त्याला काही म्हणालं नाही. मी म्हणणार होतो, पण तोंडात विडा होता. देवानं तो विडा ठेवला होता माझ्या तोंडात, आता मला कळतं.

फर्मिनच बोलला, दगडावरून, नाक पुसत. "काय रे सिरियाको, मी इतका वाईट दिसतो का?"

सिरियाकोनं त्याच्याकडे बघितलं. त्या वाकुलाकडे बघितलं. मग दामासोच्या हातांकडे बघितलं, रक्त थेंब थेंब गळत होतं.

"वाईटच दिसता," तो म्हणाला. "पण गेल्या वर्षी मला एवढंही मिळालं नव्हतं."

आणि होडीला खांदा लावला. ढकलायला सगळ्यात आधी कोण गेलं? सांगायला नको. हात सोललेला तो माझा भाऊ, पुन्हा गुडघाभर पाण्यात.

फर्मिनच्या गावी फोन केला. रात्री गावानं जेवण घातलं. हळद घातलेला भात, डुकराचं मुरवलेलं मांस, आणि पालेक. उसाची ती दारू फर्मिननं अशी प्यायली की मारान सिल्वेस्त्रे म्हणाला, बरं झालं मासा नव्हता, मासा एवढी पीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला सोडला, नियमाप्रमाणे. त्याच्या होडीत ते दोन आरायूही परत ठेवले.

मासा आला का? आला. थोडा थांबून आला, सिरियाकोला पहिल्या दिवशी एकच मिळाला, पण मग आला. फार जुन्या काळासारखा नाही. खोटं कशाला बोलू, काल वनुआ बंद झालाय, आज नियम नाही, तरी खोटं बोलणार नाही. पण आमच्या अंगणातले बांबू भरले, सिरियाकोचे भरले, आणि त्या तिघांचेही भरले. बास्कोला कुणी गेलं नाही. सातच्या सात होड्या आज खडकावर उलट्या पालथ्या आहेत, खाली सावलीत कोंबड्या बसल्यात.

काल बंद करायच्या वेळी इत्नानहून माणसं आली. कधी येत नाहीत ती. लसणाच्या जुड्या घेऊन आली आणि पुढच्या महिन्यात आमच्या छपराची शाकारणी आहे तर गवत घेऊन येतो म्हणाली. जुन्या भांडणाचं काय, ते बोललं नाही कुणी. फर्मिन आला आणि कुणी न सांगता थेट त्या दगडावर जाऊन बसला. मुलं हसली. मारान सिल्वेस्त्रेनं त्याला हाकलला नाही. मग म्हाताऱ्यानं विचारलं, पुढच्या वर्षी वाट कोण उघडणार. सिरियाको म्हणाला, "दामासो. आणखी कोण?"

दामासो म्हणाला, "हं."

मी काल चर्चमध्ये मेणबत्ती लावली. लालिंग म्हणाली एक पुरे, मी तीन लावल्या. एक बापासाठी, जो आला नाही. एक आईसाठी, जिनं भिंतीआड त्याला जन्म दिला. आणि एक त्या प्रवाहासाठी, ज्यानं फर्मिनला आमच्या बाजूला आणलं आणि थोडा वेळ थांबवून ठेवलं. समुद्रानं आमच्याकडून एक माणूस घेतला होता. यंदा एक परत दिला. तो आमचा नव्हता, पण दिला. मी हिशेब करत नाही. उपकार मानतो.

आणि आता सांगतोच, मार्चपासून गिळलेलं. अख्ख्या बातानेसमध्ये, बातान, साब्तांग, इत्बायात तिन्ही बेटांवर फिरा, माझ्या भावासारखा माणूस दुसरा नाही. त्याच्या रिकाम्या पंज्यांइतकं भरलेलं मी काही बघितलेलं नाही. त्याला वल्हं मीच शिकवलं, हे लक्षात ठेवा.

खालच्या खोलीत तो जाळं नीट करतोय. माझा आवाज सगळ्या गल्लीत जातोय, हे मला माहीत आहे. आत्ता त्यानं खाकरलं. आमच्या घरात त्याचा अर्थ "दादा, पुरे."

नाही रे बाबा. पुढच्या मार्चपर्यंत वेळ आहे माझ्याकडे.